पाने पूर्ण असल्याची सही

पूल ओलांडला तेव्हा नऊ घरं झाली होती आणि आठ राहिली होती. ग्रंथालयाच्या मावशी पुढे चालत होत्या, मराठीच्या बाई मागे. बाई वयाने पंधरा वर्षांनी लहान, शिवाय त्यांच्या पायात खास चालण्यासाठी घेतलेले बूट. मावशींच्या पायात साध्या चपला, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले म्हणून काळा चष्मा, आणि काखेत नाडीने बांधलेले दोन मोठे पुठ्ठे. तरी पुढे मावशीच.

प्रत्येक घरातून निघालं की दहा पावलांवर त्या थांबत, नाडी सोडत, पुठ्ठ्यांमधली कात्रणं मोजत आणि पुन्हा नाडी बांधत.

"मावशी, पळून नाही जात ती," बाई म्हणाल्या.

"एकदा गेलीत," मावशी म्हणाल्या आणि चालू लागल्या.

बाईंच्या हातात यादी होती. सतरा मुलांची नावं आणि पत्ते. नऊ नावांपुढे बरोबरची खूण. सतरावं नाव इस्त्रीवालीच्या मुलीचं. तिचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत, म्हणजे खरं तर पहिलं यायला हवं होतं. पण यादी बाईंनी केली होती, त्यामुळे ते शेवटी आलं.

"ही पोरगी शेवटी का हो?" मावशींनी निघतानाच विचारलं होतं.

"येताना वाटेवर पडेल म्हणून."

"जातानाही पडत होतं."

"हो," बाई म्हणाल्या आणि यादीची घडी घातली.

बोलण्यासारखं होतं ते एवढंच, की इस्त्रीवालीच्या मुलीचं कात्रण तिच्या घरी नव्हतंच. तिची कविता शाळेत पहिली आली होती. ती बाईंनी सोमवारी विभागीय स्पर्धेला पोस्टाने पाठवून दिली होती. पावती त्यांच्या पर्समध्ये, चष्म्याच्या घराखाली होती. हे मावशींना सांगायचं राहिलं होतं. बाई तशा खोटं बोलणाऱ्या नव्हेत. रोज सकाळी देवापुढे हात जोडल्याशिवाय चहा न घेणारी बाई. पण खरं बोलायचं लांबणीवर टाकणं, याला खोटं म्हणावं की नाही, याचा विचार त्या पहिल्या घरापासून करत होत्या आणि पुलापर्यंत तो काही संपला नव्हता.

झालं होतं असं. वरून एक पत्र आलं. विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा: वर्तमानपत्रातला कुठलाही मजकूर घ्यायचा, त्यातले हवे ते शब्द तसेच ठेवायचे, बाकीचे काळ्या शाईने झाकायचे, आणि उरलेल्या शब्दांची कविता व्हायला हवी. एकही शब्द पदरचा घालायचा नाही. बाईंना कल्पना आवडली. इतकी आवडली की त्यांनी पत्रातल्या नियमांत आपले दोन नियम घातले. पहिला, मूळ कात्रण कार्डशीटवर चिकटवलेलं हवं; प्रत चालणार नाही. दुसरा, कात्रण दहा वर्षांहून जुनं असल्यास पाच गुण जादा. मुलांना जुन्या भाषेची ओळख व्हावी हा हेतू. बाईंना वाटलं, मुलं घरी जाऊन कपाटात घातलेले जुने कागद उचकतील, आई ओरडेल, आणि त्या निमित्ताने चार ओळी वाचून होतील.

मुलं घरी गेली नाहीत. मुलं ग्रंथालयात गेली. तिथे बावीस वर्षांची वर्तमानपत्रं महिन्यावार शिवून, पुठ्ठा घालून, भिंतीला ओळीने लावलेली होती. मावशी त्या वेळी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी प्रयोगशाळेचा शिपाई बसत होता. तो स्वभावाने मदत करणारा. मुलं हाताने फाडतात हे त्याला बघवेना, म्हणून त्याने प्रयोगशाळेतली कात्री आणून दिली.

मावशी सोमवारी कामावर आल्या. आल्या तशा गठ्ठे काढून पानं उलटू लागल्या. ही त्यांची सवयच होती, रजा एका दिवसाची असो की पंधरा दिवसांची. समोर हेडक्लार्क रजेचा अर्ज घेऊन उभे होते. मावशींनी एक पान उलटण्यासाठी उभं धरलं आणि त्यांना भोकातून हेडक्लार्क दिसले.

हेडक्लार्क पुढे सगळ्यांना सांगत, की मावशी ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "साहेब, तुम्ही पान पाचवर आहात."

दिवसभरात सतरा भोकं सापडली. मंगळवारी सकाळी त्या मराठीच्या वर्गाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, तुमच्या कविता माझ्या पेपरातून गेल्यात. शनिवारी मी रिटायर होते. त्याच्या आत मला त्या परत पाहिजेत."

बाईंनी तिथेच सांगायला हवं होतं, सोळा मिळतील म्हणून. त्या म्हणाल्या, "मी येते तुमच्याबरोबर."

त्या बावीस वर्षांआधी मावशी धान्याच्या गोदामात पोत्यांची तोंडं शिवायच्या. हातात दाभण, कमरेला सुतळीचा गुंडा, दिवसाला दीडशे पोती. गोदाम बंद पडलं तेव्हा त्या छत्तीस वर्षांच्या होत्या. शाळेत झाडलोटीला लागल्या. शिक्षण तिसरीपर्यंत, तेही तिसरीत किती दिवस गेल्या याबद्दल घरात दोन मतं होती. तेव्हाचे ग्रंथपाल म्हातारे आणि तब्येतीने नाजूक होते. ग्रंथालयातलं फाटलेलं जाजम मावशी दाभणाने शिवताना त्यांनी पाहिलं, टाका पाहिला, आणि जूनचे तीस पेपर त्यांच्यापुढे ठेवले.

"हे शिवाल का?"

"किती किलोचं आहे?" मावशींनी विचारलं. गोदामात असंच विचारायची पद्धत होती.

पहिला गठ्ठा इतका घट्ट शिवला गेला की तो उघडेना. उघडला तेव्हा निम्मी पानं उलटी निघाली. ग्रंथपाल रागावले नाहीत. म्हणाले, "मावशी, वाचायचं राहू द्या. फोटो बघा. माणसांची डोकी वर आली पाहिजेत." तेव्हापासून मावशी डोकी बघून पानं लावू लागल्या. पण काही पानांवर फोटोच नसत. नुसत्या जाहिराती, भाव, सूचना. अशा पानांनी त्यांची फार पंचाईत केली. म्हणून त्यांनी आधी पानांचे आकडे ओळखायला घेतले, मग मथळे, मग मथळ्याखाली काय आहे ते. सहा वर्षांत त्या सगळा पेपर वाचू लागल्या, पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. त्यांच्या सासूबाई आल्या-गेल्याला सांगायच्या, "लोक काम संपवून पेपर वाचतात. आमच्या सूनबाईंचं पेपर संपला की काम संपतं."

शिवण्याची एक रीत ग्रंथपालांनी घालून दिली होती. महिना संपला की पेपर तारखेने लावायचे. पानं मोजायची. एकही कमी नाही याची खात्री झाली की मग शिवायचं, आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात लिहायचं: पाने पूर्ण. त्याखाली सही.

सही मावशींना येत नव्हती. परीक्षेच्या कोऱ्या उरलेल्या कागदांवर त्यांनी चार दिवस सराव केला. नवरा गवंडी, मोजकं बोलणारा. तो म्हणाला, "सही कशाला? अंगठा झिजला का?" मावशींनी पुढचा कोरा कागद ओढला. नंतर मुलीच्या प्रगतिपुस्तकावर पालकांची सही लागली तेव्हा त्याने पुस्तक मुकाट्याने त्यांच्याकडे सरकवलं.

ग्रंथपाल गेले, त्यांची जागा कोणी भरली नाही. मावशींना कोणी ग्रंथपाल म्हटलं नाही आणि ग्रंथालय बंदही पडलं नाही. दोनशे चौसष्ट गठ्ठे झाले. दोनशे चौसष्ट वेळा 'पाने पूर्ण', दोनशे चौसष्ट सह्या. आता त्यातल्या सतरा खोट्या पडल्या होत्या.

"भोकं काय हो," बाई चालता चालता म्हणाल्या, "कुणी उघडून बघतं का?"

"कुणी उघडत नाही," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर सही करतात."

दहाव्या घरी आजोबा होते. नातवाचं कात्रण त्यांनी काचेची चौकट करून आरशाशेजारी लावलं होतं. एका कोपऱ्यातल्या हवामानाच्या अंदाजातून नातवाने तीन शब्द ठेवले होते: 'उद्या आकाश अंशतः'. बाकी सगळं काळं.

"नातवाने लिहिलंय," आजोबा म्हणाले. "मी देणार नाही."

"लिहिलंय वेधशाळेने," मावशी म्हणाल्या. "नातवाने उरवलंय."

"मग वेधशाळेला पाठवा मागायला."

शेवटी बाईंनी मध्यस्थी केली. तेच तीन शब्द चांगल्या वळणदार अक्षरात कार्डशीटवर लिहून देते म्हणाल्या. आजोबांनी अक्षर बघितलं, मान्य केलं, आणि चौकटीतून कात्रण काढून दिलं. जाताना विचारलं, "अंशतः म्हणजे पूर्ण नाही, असंच ना?"

"असंच," बाई म्हणाल्या.

"मग कविता पूर्ण कधी करणार तो?"

बाराव्या घरी आईने दार उघडलं, बाईंना ओळखलं, आणि त्या तोंड उघडायच्या आत मुलीकडे वळली. "काय केलंस?"

"कविता केली."

"आणि काय काय केलंस?"

पाणी प्यायला सगळीकडे मिळालं. तेराव्या घरी बसायलाही मिळालं. चौदाव्या घरी कात्रण मिळालं पण त्यावर धाकट्या भावाने आणखी शाई ओतली होती आणि कवितेतले दोन शब्दही गेले होते. बाई हळहळल्या. मावशींनी कात्रण हातात घेऊन चारी कडा बघितल्या.

"कडा शाबूत आहेत. बसेल."

"पण मावशी, वाचता काहीच येत नाही."

"पान पूर्ण म्हणजे पान पूर्ण. वाचता येतं असं मी कुठं लिहिलंय?"

सोळावं घर झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. बाईंच्या बुटांनी टाचा सोलल्या होत्या. खास चालण्याचे बूट घेतले की चालावं लागतं हे त्यांना दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक घराबाहेर त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आता सांगू. मग मावशी नाडी सोडून मोजायच्या, "अकरा", "बारा", "तेरा", आणि आकडा असा वाढत असताना मध्ये बोलणं बाईंना जमेना. वाटायचं, पुढच्या घरी. पुढचं घर आता एकच राहिलं होतं.

इस्त्रीवालीचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. दारातच टेबल, त्यावर घोंगडी, त्यावर चादर. एका बाजूला चुरगळलेल्या कपड्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला घड्यांची चळत. बोलताना तिचा हात थांबत नसे. मुलगी आत पाटावर बसून अभ्यास करत होती. आठवीतली, दोन घट्ट वेण्या, बोटांना अजून काळी शाई.

"कात्रण दे हं बाळ," मावशी म्हणाल्या.

"ते नाही माझ्याकडे," मुलगी म्हणाली. "बाईंनी पाठवलं ना विभागीयला. सोमवारी."

मावशींनी काळा चष्मा काढला आणि बाईंकडे पाहिलं. डॉक्टरांनी महिनाभर काढू नका म्हणून सांगितलं होतं.

"सोमवारी," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी मंगळवारी आले तुमच्याकडे."

"हो मावशी."

"आज गुरुवार."

"हो."

"सोळा घरं झाली."

"हो."

इस्त्रीवालीने हातातली इस्त्री उभी करून ठेवली. तिचा हात थांबलेला मुलीने पहिल्यांदाच पाहिला असेल.

"मी दर घरी सांगणार होते," बाई म्हणाल्या. यापेक्षा बरं वाक्य त्यांना सुचलं नाही. वीस वर्षं त्या मुलांना निबंध शिकवत होत्या.

मावशींनी चष्मा पुन्हा लावला. "कुठली बातमी होती?" त्यांनी मुलीला विचारलं.

"बसची. अकरा नंबरची बस बंद झाली त्याची."

"बारा वर्षांपूर्वीची. मार्चची. पान तीन, खाली डावीकडे," मावशी म्हणाल्या. "काय ठेवलंस त्यातलं?"

मुलगी उभी राहिली. कविता म्हणायची तर उभं राहायचं, ही बाईंचीच शिकवण.

"शेवटची बस
रिकामी
तरी ती थांबली
प्रत्येक थांब्यावर."

"एवढ्यासाठी माझी अख्खी बाटली संपवली शाईची," इस्त्रीवाली म्हणाली; पण म्हणताना तिने मुलीच्या पाठीवरची वेणी उगाचच सरळ केली.

"रिकामी नव्हती," मावशी म्हणाल्या.

"असं पेपरातच आहे," मुलगी म्हणाली.

"असू दे. मी होते आत. मागच्या दाराजवळ. गोदामाच्या दिवसांपासून याच बसने यायची सवय, पुढे शाळेलाही तीच. शेवटची फेरी म्हणून मुद्दाम थांबले होते. वाहक ओळखीचा. म्हणाला, मावशी, आज तुमचं तिकीट नको. बसा."

"मग पेपरवाल्यांनी खोटं छापलं?"

"खोटं कसं? तिकीट नाही म्हणजे प्रवासी नाही. पेपरवाल्यांनी वाहकाला विचारलं, किती माणसं होती? तो म्हणाला, एकही नाही. त्याचं बरोबर आहे."

बाईंना राहवलं नाही. "आणि त्याच पेपरावर तुम्ही सही केलीत? पाने पूर्ण म्हणून?"

"पानं पूर्णच होती बाई. पानं खरी आहेत असं मी कधी लिहिलंय?"

मुलगी मात्र खाली बसली. तिचा चेहरा उतरला होता. "म्हणजे माझी कविता चुकली."

मावशींनी विचार केला. त्यांनी विचार केला की समोरच्याला थांबावं लागे.

"थांबत होती," त्या म्हणाल्या. "प्रत्येक थांब्यावर. कुणी नव्हतं तरी. दार उघडायचं, बंद व्हायचं. ते तू बरोबर ठेवलंयस."

दोघी परत निघाल्या. शाळेच्या फाटकाशी मावशी थांबल्या, नाडी सोडली, मोजलं. सोळा. नाडी बांधली आणि आत गेल्या.

शुक्रवारी दिवसभर त्यांनी खळ शिजवून, कार्डशीटवरून सोडवलेली सोळा कात्रणं आपापल्या भोकांत बसवली, मागून पातळ कागदाची पट्टी लावून. काळे चौकोन, मधे कुठे एखाददुसरा शब्द. बारा वर्षं, पंधरा वर्षं, अठरा वर्षं जुन्या बातम्यांच्या पानांवर आता अशा खिडक्या झाल्या होत्या. जिथे काही दिसत नव्हतं तिथे दिसत नव्हतं. बाई मधल्या सुट्टीत मदतीला गेल्या तर मावशी म्हणाल्या, "तुम्ही खळ ढवळा. कात्रीला हात लावू नका."

शनिवारी चार्ज द्यायचा होता. हेडक्लार्क तक्ता घेऊन आले. तक्ता त्यांनीच बनवला होता. त्याला दोन रकाने: 'शिवलेले गठ्ठे' आणि 'चालू महिना'. एकेक गठ्ठा उघडायचा, शेवटच्या पानाची सही बघायची, खूण करायची. दुपारपर्यंत दोनशे त्रेसष्ट झाले. मग ते त्या मार्चपाशी आले. तिथे गठ्ठा नव्हता. एकतीस सुटे पेपर होते, तारखेने लावलेले, वर दगड ठेवलेला. सुतळी बाजूला गुंडाळून ठेवली होती. सहीचा कोपरा असलेलं शेवटचं पान मात्र उलटं करून तळाशी घातलं होतं.

"हे काय?"

"चालू," मावशी म्हणाल्या.

"मावशी, हा बारा वर्षांपूर्वीचा मार्च आहे."

"हो. एक कात्रण यायचंय त्यात."

"बारा वर्षांपूर्वीचा महिना चालू कसा असेल?"

"साहेब, शिवल्याशिवाय गठ्ठा नाही. गठ्ठा नाही तर सही नाही. जे शिवलेलं नाही ते चालू. तक्ता तुमचाच आहे. तिसरा रकाना असला तर सांगा."

हेडक्लार्कनी तक्ता वरून खाली आणि खालून वर पाहिला. बाईंकडे पाहिलं. बाई ग्रंथालयाच्या खिडकीतून बाहेर बघू लागल्या. शेवटी हेडक्लार्कनी दुसऱ्या रकान्यात मार्च लिहिला आणि साल लिहिताना पेन दोनदा झटकलं.

"कात्रण आलं तर शिवणार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी येईन. दाभण घरी नेतेय."

निरोपाची दोन भाषणं झाली. मुख्याध्यापकांनी मावशींना शाळेचा कणा म्हटलं. मागच्या महिन्यात त्यांनी पाण्याच्या टाकीलाही तेच म्हटलं होतं. प्रयोगशाळेच्या शिपायाला बोलता बोलता रडू आलं, आणि मावशींनीच त्याला पाणी दिलं. मग सगळे गेले. दोघी ग्रंथालयाच्या पायरीवर बसल्या, मधे चहाचे दोन पेले.

"मावशी, माझं चुकलं," बाई म्हणाल्या. तीन दिवस जे वाक्य जमत नव्हतं ते चहासोबत सहज निघालं.

"चुकलं," मावशी म्हणाल्या. "आता मला त्या स्पर्धेचे नियम सांगा. तुमचे नकोत. त्यांचे."

बाईंनी सांगितले. निकाल पुढच्या महिन्यात. पहिले तीन क्रमांक प्रदर्शनात लागणार, ते परत मिळत नाहीत, कायमचे तिकडेच राहतात. बाकीच्या प्रवेशिका परत येतात, सोबत पत्ता घातलेलं पाकीट जोडलेलं असलं तर.

"तुम्ही जोडलंय?"

"जोडलंय. तिकिटं लावून."

"चांगलं केलंत." मावशींनी चहा संपवला, पेला पायरीवर पालथा घातला. "पोरगी हुशार आहे."

"फार. मला वाटतं तिचा पहिला येईल. पाठवायच्या आधी देवापुढे ठेवलं होतं पाकीट. मागितलंय मी त्याच्याकडे."

"काय मागितलंत?"

"पहिला क्रमांक."

"ते बदलून घ्या," मावशी म्हणाल्या.

बाईंना नीट ऐकू आलं होतं, तरी त्यांनी विचारलं, "काय?"

"तीन ठेवून घेतात ना ते? चौथा मागा. चौथ्या नंबराचंही नाव पुकारतात, टाळ्या वाजवतात, मी पेपरात वाचलंय. तिची आई काही नाराज व्हायची नाही. आणि कात्रण परत येतं."

"मावशी, मुलीचा नंबर खाली यावा म्हणून देवाला सांगू? मी? तुम्हीच का नाही सांगत?"

"मी सांगून काय उपयोग? माझा त्यात फायदा आहे, तो ऐकायचा नाही. तुमचा तोटा आहे, तुमचं ऐकेल." मावशी उठल्या, दाभणाची पुडी कमरेला खोचली. "उद्या सकाळी बसाल तेव्हा एवढं सांगा त्याला, बाई. चौथा. पाचवा नको, तेवढं खाली नको."